डाव्या खिशातले फुटाणे

तीस वर्षं मी अकोल्याच्या एका शाळेत शिट्टी वाजवली. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. दमलो, थकलो, दुखतंय, हे शब्द मी पोरांना तोंडातून काढू दिले नाहीत, मग स्वतः कसे काढणार? निवृत्त झालो तेव्हा सत्कारात सगळ्यांनी सांगितलं की किशोर सर अजून पंचविशीतले वाटतात. मला ते खरं वाटलं. इथूनच घोळ सुरू झाला.

आमचा सकाळचा एक गट आहे. कृषी विद्यापीठाच्या आवारातून रोज सहा किलोमीटर चालायचं, मग फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा. गटाचा म्होरक्या नियाजभाई. सायकलींचं दुकान आहे त्याचं, माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि बोलण्यात सगळ्यांचा बाप. त्यानंच फेब्रुवारीत टूम काढली की मे महिन्यात हिमालयात जायचं. साधंसुधं नाही, सतरा हजार फुटांवरची एक खिंड ओलांडायची. नऊ दिवस, त्यातले पाच बर्फात. मी पहिला हात वर केला आणि दुपारपर्यंत अर्ध्या शहराला सांगूनही टाकलं.

घरी सांगितलं तेव्हा चंदा शिलाई मशीनवर होती. माझी बायको ब्लाउज शिवते, पस्तीस वर्षं झाली. तिनं पायडल थांबवलं.

"मीबी येते," ती म्हणाली.

"तू?" मला हसू आलं. "तुले दुसऱ्या मजल्यावर चढताना गुडघे धरावे लागते."

"धरते अन् चढते. कोणाले उचलून न्या म्हटलं?"

"चंदे, सतरा हजार फूट आहे थे. चिखलदरा नाई."

"मंग आधी चिखलदराच चढून पाहू. दोघंबी. मंग कोणत्या वाटेनं जायचं थे मी ठरवीन."

माझं डोकं फिरलं. वाट ठरवणं हे माझं काम. नकाशे मी आणले, उंचीचे आकडे मी पाठ केले, आणि ही म्हणते मी ठरवीन. मी खूप बोललो. तिनं मशीन सुरू केलं. चंदाशी भांडण करायचं तर ते एकट्यालाच करावं लागतं.

यामागं तिचे वडील आहेत, हे मला ठाऊक होतं. माझे सासरे नत्थुजी मोर्शीकडचे. संत्र्याचा बगीचा झाडावर असताना फळ किती निघेल याचा अंदाज काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. व्यापारीही बोलवायचे, शेतकरीही बोलवायचे. लहानपणी चंदा त्यांच्याबरोबर बगीच्यांतून हिंडायची. मालक नेहमी विहिरीजवळची झाडं दाखवायचा. पानं काळीशार, फांद्या फळांनी वाकलेल्या. नत्थुजी तिथं पाणी प्यायचे, छान आहे म्हणायचे, आणि सरळ चालत पार टोकाला, धुऱ्यापर्यंत म्हणजे शेताच्या बांधापर्यंत जायचे. जिथं पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं तिथलं किडकं, वाळकं झाड गाठायचे आणि त्याखाली बसून मोजायचे. डाव्या खिशात फुटाणे. शंभर फळं झाली की एक फुटाणा उजव्या खिशात. "विहिरीजवळचं झाड आपल्याले फसवत नाई," ते म्हणायचे, "आपणच त्याले पाहून फसतो."

मला वाटलं, ठीक आहे. चंदाला स्वतःचंच झाड मोजू दे. आपोआप नाही म्हणेल.

मार्चमध्ये दोन रविवार आम्ही परतवाड्याला गेलो. पहाटेच्या बसनं परतवाडा, तिथून जीपनं घाटाच्या पायथ्याशी उतरायचं आणि चिखलदऱ्यापर्यंत पायी. डांबरी रस्ता, पण चढ चढच असतो. मी सुरुवातीलाच वेग घेतला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ऊन चढायच्या आत काम उरकायची सवय असते, ती पायांत बसलेली. चंदा मागून तिच्या चालीनं येत होती. दहा पावलं, श्वास, दहा पावलं. वळणावर मी थांबायचो, वाट पाहायचो. थांबताना बुटाची नाडी बांधायचो. ती आली की उठायचो आणि पुन्हा पुढं.

दोन्ही वेळा मी तिच्या आधी पोचलो. दुसऱ्या वेळी शेवटच्या टप्प्यात तिच्यासाठी थांबलोच नाही, जवळजवळ चाळीस मिनिटं आधी. चहा पिऊन, तोंड धुऊन, झाडाखाली ऐटीत बसलो होतो. ती आली, घाम पुसला. मग खिशात हात घालून काहीतरी चाचपलं. त्या दिवशी तिनं पंजाबी ड्रेसवर माझा जुना, खिसे असलेला शर्ट घातला होता.

बुधवारी तिनं निकाल दिला. खिंड नाही. तिनं ब्लाउज शिवायला येणाऱ्या पोरींना विचारून, मोबाइलवर वाचून, एक दुसरी वाट काढून ठेवली होती. पाच दिवसांची. देवदारांच्या जंगलातून वर जाणारी, अकरा हजार फुटांवरच्या मोठ्या गवती कुरणापर्यंत, आणि जमलं तर त्याच्यावरच्या साडेबारा हजारांच्या टेकाडापर्यंत. पहिल्यापासून शेवटपर्यंत खेचराची वाट.

"ही पोरासोरांची सहल आहे!" मी ओरडलो. "शाळेची ट्रिप जाते इथं."

"जाऊ द्या ना मंग. आपणबी जाऊ."

"तू ये या वाटेनं. मी नियाजबरोबर जातो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "जा. पण मंग मी आडवी पडीन दारात. अन् माह्यावरून जायले तुमाले नाडी बांधायची गरज नाई पडणार."

या नाडीचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. राग मात्र लागला. तरी मी मानलं, कारण पस्तीस वर्षांत चंदानं दारात आडवं पडायची भाषा पहिल्यांदाच केली होती.

आता इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी जाहीर केलं, "मी खिंडीले येत नाई. चंदाचे गुडघे. तिले एकटीले कसं सोडू?" सगळ्यांनी माना हलवल्या. नियाजनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मास्तर, भाभी के लिए इतना बडा दिल! मानना पडेगा." मी तो मोठेपणा खिशात घालून घरी आलो. चंदाला कळलंच. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. माह्या गुडघ्यांची कीर्ती झाली."

मे महिन्याच्या शेवटी निघालो. अकोल्यात सेहेचाळीस डिग्री होतं. आमच्याकडच्या माणसाला या उन्हाचा एक छुपा गर्व असतो. भट्टीत राहतो आम्ही, आम्हाला थंडी काय करणार! मी तर गाडीत सहप्रवाशांना हेच ऐकवलं. पण उन्हात राहण्याची एक सवय फार वाईट असते, ती मला डोंगरावर कळली. अकोल्याचा माणूस घामावर पाणी पितो. घाम आला की तहान लागते, घाम नाही तर पाणी आठवत नाही. वरच्या थंड हवेत मला दिवसभर घाम आला नाही आणि मी दिवसभरात दोन पेले पाणी प्यालो. चंदा मात्र बाटली घेऊन मागं लागायची. "घ्या." "तहान नाई." "तहान नको, पाणी घ्या." मी दोन घोट घ्यायचो आणि पुढं सुटायचो.

आमचा वाटाड्या बलवीर म्हणून पन्नाशीचा गढवाली माणूस होता. कमी बोलायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "सर जी, यहाँ पहले पहुँचने का इनाम नहीं मिलता." मला तो उद्धट वाटला. तिसऱ्या दिवशी जंगल संपलं, कुरण सुरू झालं, आणि बारा जणांच्या तांड्यात मी सगळ्यांच्या आधी तंबूंपाशी पोचलो. कॉलेजातल्या पोरांच्याही आधी. चंदा सगळ्यांत शेवटी आली. शिखरं ढगांत होती, काही दिसलं नाही, पण मी खूश होतो.

चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर डोकं फुटत होतं. कानशिलांत ठणके, जेवणाचा वास नकोसा. मी चहा ओतून टाकला आणि चंदाला सांगितलं, प्यालो. आज टेकाड चढायचं होतं. साडेबारा हजार फूट. खिंडीपुढं ते काहीच नव्हतं, आणि तेही चढलो नाही तर टपरीवर सांगणार काय?

निघालो. शंभर पावलांवर वाकलो आणि नाडी बांधली. पुढं पुन्हा, आणि पुन्हा. पाचव्यांदा वाकलो तेव्हा नाडी दिसेना, दोन-दोन दिसायला लागल्या, आणि मी तिथंच बुटावर ओकलो. तोंड पुसलं, वर पाहिलं तर चंदा. ती शेवटी चालणारी बाई कधी माझ्याजवळ आली कळलं नाही. तिचा हात खिशात होता.

"काय होऊन राहिलं?" तिनं विचारलं.

"काई नाई. नाडी सुटली होती."

"पाचवी आहे सकाळपासून," ती म्हणाली. आणि मग जन्मात जी कधी मोठ्यानं बोलली नव्हती ती बाई सगळा डोंगर ऐकेल अशी ओरडली, "बलवीरभाऊ! इकडे या! याईले चढू नका देऊ!"

मी तिच्यावर संतापलो. सगळी पोरं पाहत होती. बलवीर आला, माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं, आकडा पाहिला. हातातल्या काठीनं त्यानं मातीवर एक सरळ रेघ ओढली. "सर जी, इसपे चलके दिखाओ. एडी को पंजा लगाके."

मैदानावर चुन्याच्या रेघेवरून मी हजारो पोरांना चालवलंय. रेघ सोडली की शिट्टी. मी हसलो, पाय टाकला. पहिला पडला रेघेवर. दुसरा हातभर बाजूला पडला. तिसऱ्याला बलवीरनं मला काखेत धरलं, नाहीतर मी आडवा झालो असतो. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. पाय माझे होते आणि माझं ऐकत नव्हते.

"नीचे," बलवीर म्हणाला. "अभी."

खेचर आलं. किशोर सर खेचरावर बसले, डोळे मिटून, दोन्ही हातांनी खोगीर धरून. एका बाजूनं बलवीर, एका बाजूनं चंदा. ते गुडघे त्या दिवशी अडीच तास सतत उतार उतरले आणि तिनं एकदाही हूं केलं नाही. आम्ही जंगलातल्या खालच्या तळावर पोचलो तेव्हा दुपार होती. तिथं झाडं होती, हवा जाड होती. चार वाजेपर्यंत माझं डोकं दुखायचं थांबलं. पाच वाजता मी भात मागितला.

बलवीर खाटेजवळ बसून होता. मी विचारलं, "और अगर ये बडी खिंड पे होता तो?"

त्यानं हातातली काठी बाजूला ठेवली. "वहाँ पाँचवे दिन के बाद दोनों तरफ बरफ है, सर जी. खच्चर नहीं जाता. सडक दो दिन दूर है. आपका चलना छूट गया था."

तो गेल्यावर चंदानं उजव्या खिशातून मूठ काढली आणि खाटेवर उघडली. पाच फुटाणे.

"घाटात दुसऱ्या रविवारी एकोणीस झाले होते," ती म्हणाली. "तुमी नाडी बांधाले वाकले का एक इकडून तिकडं. तुमचे पाय चांगले आहेत. मी काई आंधळी नाई. पण एकोणीस वेळा दम लागला अन् एकदाबी तोंडातून निघालं नाई. माह्या बापानं सांगितलं होतं, धुऱ्यावरचं झाड पाह्य. तुमचं धुऱ्यावरचं झाड थे आहे. पायात काई नाई तुमच्या, तोंडात आहे."

मी बोटानं ते पाच फुटाणे पुन्हा मोजले.

"म्हणून मी अशी वाट पाह्यली का जिथून कुठूनबी माघारी येता येईन. तुमी सांगणार नाई, थे मले माहीत होतं. मंग न सांगणाऱ्या माणसाले चालन अशीच वाट पायजे होती ना?"

"हे तू तेव्हाच काहून नाई सांगितलं?"

"ऐकलं असतं तुमी?" ती फुटाणे पुन्हा गोळा करायला लागली. "वामनभाऊजींनं दोन दिवस गॅस झाला म्हणून सांगितलं. मी ओव्याचं पाणी करून देत राह्यली. दोन दिवस, किशोरराव. माह्या हातानं. मले समजायले पायजे होतं का छातीत दुखून राह्यलं त्याईच्या. तुमच्या घरातले माणसं सांगत नाईत. मंग कोणीतरी मोजायले नको?"

वामनराव माझा मोठा भाऊ. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. दहा वर्षं झाली. त्या ओव्याच्या पाण्याचं ओझं ही बाई इतकी वर्षं वाहते आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी खाटेवर उठून बसलो आणि रडलो. शिट्टीवाला माणूस, ढसाढसा. चंदानं रडू दिलं, आणि मग पाण्याची बाटली पुढं केली. या वेळी मी सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. बलवीर म्हणाला, माताजींना कुरणापर्यंत नेऊन आणतो, आज शिखरं दिसतील, सर जी इथंच राहतील. चंदा नाही म्हणाली. मला सोडून ती जाणार नव्हती.

"जा," मी म्हटलं.

"तुमाले कसं वाटून राह्यलं?"

बरं आहे, हे शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले. "डोकं मागच्या बाजूनं थोडं जड आहे. मळमळ नाई. पायात जीव कमी आहे. अन् मले काल लय भेव वाटलं, थे अजून आहे."

तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "आता खरं बोलले," ती म्हणाली. "मंग जाते."

लग्नानंतर पहिल्यांदा ती पुढं गेली आणि मी मागं वाट पाहत बसलो. दहा पावलं, श्वास, दहा पावलं, अशी ती देवदारांत दिसेनाशी झाली. दुपारी परत आली तेव्हा नाक लाल, डोळे लाल. काय पाहिलं म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना. "पांढरं," म्हणाली. "लय मोठं पांढरं. अन् कोणीच बोलत नव्हतं." मग हसली. "गुडघे दुखून राह्यले बापा!" आणि खाली बसून तिनं मला दोन्ही गुडघे चोळायला लावले. चोळताना मला वाटलं, हे गुडघे मी टपरीवर बदनाम केले होते.

जूनमध्ये गटानं टपरीवर सत्कार ठेवला. नियाज, धर्मपाल आणि बाकीचे तिघं खिंड ओलांडून सुखरूप आले होते. मला मनापासून आनंद झाला. नियाजनं सांगितलं की दीड दिवस बर्फात तंबूत अडकलो होतो, पुढंही जाता येईना, मागंही फिरता येईना. सांगताना तो हसत होता, पण कपातला चहा तसाच निवत होता. चंदालाही बोलावलं होतं. तिला नारळ दिला, मला शेला दिला. मग नियाजनं नेहमीचा सूर लावला. "मास्तर तो छाती ठोकके चढ जाते, लेकिन क्या करें, भाभी के घुटने!" सगळे हसले. चंदाही हसली. तिला सवय झाली होती.

मी उभा राहिलो. मैदानावर बोलायचो त्याच आवाजात बोललो, कारण दुसरा आवाज मला येत नाही.

"गुडघे चंदाचे होते, पण खोटं माझं होतं. वाट तिनं माझ्यासाठी निवडली. मी डोंगरावर ओकलो, रेघेवर चाललो तं पडलो, अन् खेचरावर बसून खाली आलो. ती त्याच गुडघ्यांनी मले उतरवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जाऊन शिखर पाहून आली. मी नाई पाह्यलं. मी तिच्यामुळे इथं उभा आहे, एवढंच सांगायचं होतं. हा शेला तिचा आहे."

कोणी हसलं नाही. नियाजनं कप खाली ठेवला, उठला आणि चंदासमोर हात जोडले. "माफ करना भाभी." चंदा इतकी अवघडली की नारळ हातातून सुटता सुटता राहिला.

घरी पायीच निघालो. उड्डाणपुलाचा चढ लागला. ऊन होतं, मघाच्या बोलण्यानं छाती भरून आली होती. अर्ध्या चढावर माझा हात सवयीनं बुटाकडे गेला. मी तो वर घेतला आणि कठड्यावर ठेवला.

"चंदे, थांब," मी म्हटलं. "मले दम लागला."

ती थांबली. आजही अंगात असलेल्या माझ्या जुन्या शर्टाच्या डाव्या खिशात हात घातला आणि मूठभर फुटाणे काढले. मला वाटलं, आता एक तिकडं जाणार. तिनं अर्धे माझ्या हातावर ठेवले, अर्धे स्वतःच्या तोंडात टाकले.

"खा," ती म्हणाली. "आता मोजायले नाई लागत."